जुन्या जीपच्या शाफ्टला ग्रीस कधी, आणि त्याच्या टोकाचा क्रॉस (वळता सांधा) बदलायची वेळ कशी ओळखायची?

तापीकाठ, शहादा

राम राम मंडळी.

गाडी महिंद्राची जुनी जीप, एमएम ५४०. पुढे-मागे पाट्यांचं सस्पेन्शन, फोर व्हील व्यवस्थित लागतं. वापर शेतीचा: खतं, बियाणं, ठिबकची बंडलं. पावसाळ्यात नाल्यातून जाणं-येणं, आणि मन झालं की म्हसावदवरून तोरणमाळ.

गेल्या पावसाळ्यापासून दोन तक्रारी आहेत. रिव्हर्समधून पहिल्यात टाकून क्लच सोडला की खालून एकच 'टक' येतो. दुसरं, ताशी साठच्या आसपास सीटखाली बारीक थरथर सुरू होते आणि सत्तरच्या पुढे गेलं की निवते. एका गॅरेजला दाखवली. त्यांनी गाडीखाली न जाता, नुसता आवाज ऐकून सांगितलं की दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे जोर नेणाऱ्या नळ्या) बदलावे लागतील. मला हे पटत नाही. ज्या भागाला ग्रीस भरायला निपल (गन लावायचं तोंड) दिलंय, तो भाग एका आवाजावरून अख्खा भंगारात टाकायचा?

आपल्या भागात जीप भरपूर, पण ऑइल आणि टायर सोडून खाली कुणी बघत नाही. माझं मत असं आहे की फोर व्हील गाडीत इंजिनाइतकीच काळजी या दोन शाफ्टांची घ्यायला हवी. दोष नेमका कसा शोधायचा, ग्रीस कोणतं, किती दिवसांनी, हे जाणकारांनी सांगावं. फोटो उद्या टाकतो.

धुळेकर_५२

शाफ्ट बदलायचं नाव काढू नका. आधी खाली शिरून हातानं हलवून बघा, मग बोलू.

नाना_फिटर, चोपडा

तापीकाठ भाऊ, तुमचं बरोबर आहे. आवाज ऐकून शाफ्ट बदला म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नका.

गाडी सपाट जागेवर लावा. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. गिअर न्यूट्रल, ट्रान्स्फर केसचा (दोन्ही शाफ्टांना जोर वाटणाऱ्या पेटीचा) लिव्हर टू-व्हीलला. जॅकवर उचलून खाली जायचं असेल तर स्टँड लावल्याशिवाय जाऊ नका, नुसत्या जॅकच्या भरवशावर तर कधीच नाही.

पहिलं काम पान्याचं. दोन शाफ्ट, चार टोकं, चारही फ्लँजचे (जोडाच्या चकत्यांचे) नट तपासा. नट ढिला असला तरी असाच टक येतो, आणि तो घट्ट केला की जातो. भोकाच्या कडेला चकचकीत घासलेलं दिसलं तर तो बोल्ट बराच काळ ढिला चालला आहे. तो बदलाच.

मग एका हातानं पिनियनचा (ॲक्सलमधल्या छोट्या गिअरचा) फ्लँज धरा, दुसऱ्यानं शाफ्ट, आणि उलटसुलट पिळा. दोन्ही एकत्र थोडे फिरले तर ते ॲक्सलच्या हौसिंगमधल्या दातांचं मोकळेपण, तेवढं असतंच. पण फ्लँज जागेवर राहिला आणि शाफ्ट एकटा हलला, तर क्रॉस गेला. क्रॉसमध्ये हाताला जाणवणारा प्ले शून्य हवा. 'थोडाफार चालतो' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. यानंतर शाफ्ट मधोमध धरून वर-खाली करा, स्लिप जॉइंटमधला (शाफ्ट आत-बाहेर सरकतो त्या दातेरी सांध्यातला) ढिलेपणा तिथं कळेल.

शेवटी टॉर्च लावून क्रॉसच्या चारही कपांच्या (टोकांवरच्या टोप्यांच्या) कडा बघा. विटकरी रंगाची बारीक भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपलंय आणि सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) कोरड्या फिरताहेत. त्या गंजाचीच ती भुकटी. मग कितीही ग्रीस भरलं तरी तो क्रॉस सुधारत नाही.

केळीवाला_रावेर

नानांच्या यादीत आमच्या भागातली एक भर घाला. केळीच्या बागेत गाडी घालतो तिथं ठिबकच्या जुन्या नळ्या पडलेल्या असतात. एखादी फिरत्या शाफ्टला लागली की गुंडाळत गुंडाळत थेट हौसिंगच्या तोंडाशी जाऊन बसते. आमच्या चुलत्यांच्या फोर व्हील कॅम्पर पिकअपला मागून ऑइल गळायला लागलं, कुणालाच कारण सापडेना. सुरीनं नळीचा गोळा कापून काढला तेव्हा आत पिनियन सीलची कड कापली गेलेली दिसली. काळी माती आणि काळी नळी, लांबून फरक कळत नाही. बागेतून निघालं की वाकून एकदा बघायचंच.

जिप्सीवेडा, जळगाव

ग्रीसबद्दल माझा नेम सांगतो. दर ५,००० किलोमीटरला, आणि गाडी पाण्यातून गेली असेल तर त्याच संध्याकाळी. एपी-३ वापरतो, व्हील बेअरिंगला तेच, शाफ्टला तेच. एकच डबा, डोक्याला ताप नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून घट्ट ग्रीस बरं.

नाना_फिटर, चोपडा

@जिप्सीवेडा, पाण्यातून आल्यावर त्याच संध्याकाळी, हे शंभर टक्के मान्य. एपी-३ मात्र नाही.

एपी-३ म्हणजे ३ नंबरचं घट्ट ग्रीस. व्हील बेअरिंगमध्ये आपण ते हातानं भरतो, तिथं उत्तम. क्रॉसमध्ये त्याला निपलमधून आत शिरून, बारीक भोकातून चार फाट्यांत जाऊन, प्रत्येक कपातल्या सुयांपर्यंत पोचायचं असतं. तिथं २ नंबरचं ईपी-२ घ्या. लिथियमचं असतं आणि दाब सोसतं. उन्हाची काळजी करू नका, लिथियम ग्रीस आपल्या मे महिन्याला पुरून उरतं. आणि एकदा एक जात धरली की तीच ठेवा. वेगळ्या जातीचं ग्रीस आत मिसळलं की कधीकधी पातळ होऊन बाहेर येतं.

भरायची पद्धतही महत्त्वाची. आधी निपल फडक्यानं पुसा, नाहीतर निपलवरची माती तुम्हीच गननं आत ढकलता. हाताची गन, सावकाश दाब. चारही कपांच्या कडेतून नवं ग्रीस डोकावलं की बस. तीन कपांतून आलं आणि चौथ्यातून नाही, तर काम झालेलं नाही. शाफ्ट अर्धा फिरवा, त्या कपापासून दूर दाबून धरा आणि परत गन मारा. तरीही नाही आलं तर तो कप लिहून ठेवा, क्रॉस तिथूनच जाणार. ट्रॅक्टरच्या दुकानातल्या हवेच्या पंपानं क्रॉसला ग्रीस मारू देऊ नका, सील बाहेर येतात.

स्लिप जॉइंटला मात्र हात आखडता ठेवा. तिथं ग्रीस ठासून भरलं तर शाफ्टला आत-बाहेर व्हायला जागा राहत नाही, आणि खड्ड्यात पाटा दबला की तो दाब थेट ट्रान्स्फर केस आणि पिनियनच्या बेअरिंगवर जातो.

जिप्सीवेडा, जळगाव

नाना, चौथ्या कपाचं मला माहीत नव्हतं. डबा बदलतो. पण व्हील बेअरिंगला एपी-३ च राहणार.

नाना_फिटर, चोपडा

राहू द्या की, तिथं ते हक्काचंच आहे.

पुणेरी_खान्देशी

मूळ अमळनेरचा, नोकरी पुण्यात. माझ्याकडे २०२० नंतरची नवी थार आहे. पुढचं सस्पेन्शन सुटं, मागं अखंड ॲक्सल. सर्व्हिसला विचारलं तर 'सर, ग्रीसिंगचा विषयच नाही' एवढंच उत्तर मिळालं. दिवाळीत गावी येतो तेव्हा शेतात आणि नदीपात्रात गाडी जाते. मग मी काय बघायचं?

गिरणाई, चाळीसगाव

@पुणेरी_खान्देशी, निपल नाही म्हणून बघायचं काही नाही, असं नसतं. सीलबंद क्रॉसमध्ये ग्रीस भरता येत नाही, पण तपासता तर येतो. नानांनी सांगितलेली पिळून बघायची रीत आणि विटकरी भुकटी, दोन्ही तुमच्या गाडीला तितकंच लागू.

तुमच्या गाडीत जास्त जपायची गोष्ट पुढे आहे. पुढच्या चाकांकडे जाणारे दोन आखूड शाफ्ट, त्यांच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट (वळतानाही एकसारखे फिरणारे सांधे) आणि त्यावर रबराचे घडीचे बूट. आपल्याकडे कापूस काढल्यावर रानात पऱ्हाटीची खुंटं उभी राहतात, तिरपी छाटलेली आणि टोकदार. तुरीचीही तशीच. अशा रानातून गाडी गेली की बूट फाटायला एक खुंट पुरतं. पाटणादेवीच्या बाजूला माझ्या भावाच्या गाडीचा बूट नखाएवढाच चिरला होता. चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले म्हणून लगेच कळलं, आणि नवा बूट, नवं ग्रीस, दोन क्लॅम्प एवढ्यात भागलं. तीच चीर न बघता गाडी धुळीत चालवली असती तर जॉइंटच बदलावा लागला असता. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना 'कट कट कट' यायला लागलं की समजावं, उशीर झालाय.

आणि सीव्हीमध्ये मॉलिब्डेनमवालं काळं ग्रीसच लागतं. बुटाच्या किटसोबत पुडी येते, ती पूर्ण वापरायची.

चोपडेकर_काकू

पऱ्हाटीच्या खुंटाचं अगदी खरं. आमच्याकडे ट्रॅक्टरचा टायरसुद्धा सुटत नाही त्याच्यातून.

बिनधास्त_शिरपूर

मी तर घाट आला की फोर-हाय (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगाचा) टाकतो. रस्ता कोरडा असो की ओला. गाडी रस्त्याला धरून चालते, भीती वाटत नाही. शाफ्टला काय होणार, ते त्याच्यासाठीच बनवलेत ना?

अक्राणीकर, धडगाव

बिनधास्त भाऊ, नाही. हे थांबवा, तुमच्या गाडीसाठी सांगतो.

आपल्या या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल (वेगाचा फरक सांभाळणारे गिअर) नसतं. फोर-हाय टाकलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, दोघांना एकाच वेगानं फिरावं लागतं. पण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा मारतात. चिखलात, वाळूत, मुरमावर चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नाही. मग तो फरक जातो कुठं? ओलं धोतर दोघांनी दोन टोकांनी पिळावं तसे शाफ्ट, क्रॉस आणि दात पिळत राहतात. तोरणमाळच्या घाटात वळणामागून वळण आहे, तिथं कोरड्या रस्त्यावर फोर-हाय टाकून चढणं म्हणजे क्रॉसच्या सुयांवर घाव घालणं.

खूण सांगतो. वर पोचल्यावर लिव्हर टू-व्हीलला यायला अडतो का? अडत असेल तर तो हाच पीळ. सरळ रेषेत थोडं मागे घ्या, सुटेल.

बिनधास्त_शिरपूर

लिव्हर अडतो हे खरं. पण पावसाळ्यात घाटात दरडीची माती रस्त्यावर आलेली असते, तेव्हा तर मी टाकणारच.

अक्राणीकर, धडगाव

तेव्हा जरूर टाका, त्यासाठीच आहे ते. पुढे कोरडा पट्टा लागला की काढा. उतारावर गाडी धरायची असेल तर गिअर खालचा घ्या, ते काम गिअरचं आहे.

गिरणाई, चाळीसगाव

अक्राणीकर दादांच्या मुद्द्याला जोडून: पुढचे टायर झिजलेले आणि मागचे नवे, असं असलं तरी फोर-हायमध्ये असाच पीळ बसतो, अगदी सरळ रस्त्यावरही. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे ठेवा.

आता तापीकाठ भाऊंच्या थरथरीबद्दल. ही थरथर चाकाची की शाफ्टची, हे आधी ठरवायला हवं. साधारण ३० इंची टायर असेल तर ताशी ६० ला चाक मिनिटाला चारशेच्या आसपास फेरे घेतं. हौसिंगचं गुणोत्तर ४ धरलं तर शाफ्ट तेव्हा १,६०० च्या वर फिरत असतो. म्हणून चाकाची थरथर जाडसर, हेलकाव्याची असते. शाफ्टची बारीक, गुणगुणल्यागत, बुडाला जाणवणारी. तुमचं वर्णन शाफ्टकडे बोट दाखवतं.

कारणं अनेक असू शकतात. क्रॉस सैल, नळी ठेचलेली, तोल साधायला चिकटवलेली लोखंडी पट्टी गळून पडलेली. आणखी एक कारण फार कमी लोक बघतात: दोन टोकांच्या योकांची (क्रॉस धरणाऱ्या दोन कानांच्या तुकड्यांची) रेघ. क्रॉस असलेला शाफ्ट कोनात फिरतो तेव्हा त्याचा वेग एकसारखा नसतो, प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो, दोनदा घटतो. कोन १० अंश असेल तर हा फरक वर-खाली दीड टक्क्याचा, २० अंशाला सहा टक्क्यांच्या जवळ. एका टोकाच्या क्रॉसनं केलेला हा बिघाड दुसऱ्या टोकाचा क्रॉस निस्तरतो. पण त्यासाठी दोन अटी आहेत. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, आणि शाफ्टवरचे दोन योक एका रेघेत हवेत. स्लिप जॉइंट उघडून परत बसवताना एक दात जरी मागे-पुढे झाला तर ही रेघ मोडते. म्हणून उघडायच्या आधी खूण करायची.

गाडी उंच करायला लांब शॅकल (पाटा चेसीला जोडणारी पट्टी) टाकणाऱ्यांनी पहिली अट लक्षात ठेवावी. शॅकल लांब झाली की ॲक्सल फिरतं, पिनियनचं तोंड बदलतं, आणि कोन सारखे राहत नाहीत. मग वर्षातून दोनदा क्रॉस बदलत बसावं लागतं.

लेवाभाऊ, यावल

काय भारी लिहिलंय ताई. आमच्या इथं एकानं लांब शॅकल टाकल्यात आणि दर पावसाळ्यानंतर क्रॉसचा कारखाना खराब म्हणून भांडतो. त्याला हे वाचून दाखवतो.

बाकी नाना, चोपड्याहून फैजपूरकडे आलात की बामणोदला भरीत खायला थांबा. थंडी सुरू झालीय, वांगी आलीत. येताना ग्रीस गन आणा, आमच्याकडे तीन जीपा रांगेत उभ्या आहेत.

नाना_फिटर, चोपडा

कळण्याची भाकरी असेल तर तिन्ही जीपांचे सहाही शाफ्ट करून देतो.

केळीवाला_रावेर

चौथी पण आहे नाना, माझी. भाकऱ्या वाढवतो.

धुळेकर_५२

लोकहो, भरीत नंतर. तापीकाठ भाऊ, फोटो कुठे आहेत?

तापीकाठ, शहादा

आलो. उशिराबद्दल सांभाळून घ्या, कापूस वेचणी चालू होती.

चुलतभावाला बरोबर घेऊन खाली शिरलो. फ्लँजचे सगळे नट घट्ट निघाले. पुढचा शाफ्ट दोन्ही टोकांना एकदम ठणठणीत. मागच्या शाफ्टचा पिनियनकडचा क्रॉस: फ्लँज जागेवर, शाफ्ट हलतोय, आणि हलवताना तोच टक, गाडीखाली बसून स्पष्ट ऐकू येतो. चार कपांपैकी तिघांच्या कडेला ग्रीस, चौथ्याला नानांनी सांगितली तशी विटकरी भुकटी. फोटोत बोट दाखवलंय तोच कप. म्हणजे दोन शाफ्ट बदला म्हणणाऱ्या गॅरेजचं निदान एका क्रॉसवर आलं.

दुसरं, मागच्या शाफ्टच्या नळीवर एका बाजूला काळ्या मातीचा थर. आपली माती वाळली की हातानं निघत नाही, छिन्नीनं सोलून काढावी लागली. तेवढ्यानंच थरथर निम्मी झाली. ताई, तुम्ही तोल म्हणालात तो असाही बिघडतो.

मग दुसऱ्या एका गॅरेजला शाफ्ट काढून दिला, दोन्ही टोकांचे क्रॉस नवे टाकायला. खूण म्हणून पांढऱ्या रंगाची रेघ मी स्वतः मारून दिली होती. शाफ्ट बसवून गाडी आणली. टक गेला. पण थरथर आता ताशी चाळीसपासूनच, आणि आधीपेक्षा जोरात. नवे क्रॉस, निपल दिसतंय, नट घट्ट. मग हे काय?

गिरणाई, चाळीसगाव

शाफ्टचा बाजूनं फोटो टाका, दोन्ही टोकांचे योक एकत्र दिसतील असा. पांढरी रेघ दोन्ही बाजूंना जुळतेय का?

तापीकाठ, शहादा

फोटो टाकलाय. रेघ दिसतच नाही. विचारलं तर म्हणाले, शाफ्ट आधी डिझेलमध्ये बुडवून घासून धुतला.

गिरणाई, चाळीसगाव

फोटोत पुढच्या टोकाच्या योकाचे कान उभे आहेत आणि मागच्याचे किंचित तिरपे. दोन्ही एका पातळीत हवेत. स्लिप जॉइंट एका दातानं चुकलाय.

नाना_फिटर, चोपडा

ताईंनी बरोबर ओळखलं. रंगाची खूण डिझेलमध्ये टिकत नाही. पंच घ्या आणि हातोडीनं दोन्ही भागांवर एकेक ठिपका समोरासमोर मारा. फ्लँज आणि त्याच्या जोडीलाही मारा, म्हणजे शाफ्ट होता त्याच बाजूनं परत बसतो.

शाफ्ट परत काढणारच आहात तर क्रॉसचे लॉक (कप अडवणाऱ्या कड्या) खाचेत पूर्ण बसलेत का तेही बघा. क्रॉस ठोकताना एखादी सुई पडून कपाच्या तळाशी आडवी झाली की कप पूर्ण आत जात नाही आणि लॉक अर्धवट बसतो. तसाच चालवला तर लॉक उडतो. ठोकण्याआधी कपात ग्रीस चोपडून सुया उभ्या चिकटवून घ्यायच्या, घाई केली की हेच होतं. बसवल्यावर क्रॉस बोटानं चारही बाजूंना हलकेच पण न अडकता वळला पाहिजे.

आणि एक सांगायचं राहिलं होतं. मागचा शाफ्ट काढताना गाडी उतारावर नको. विलीज वळणाच्या जुन्या जीपांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाला असायचा. शाफ्ट सुटला की हँडब्रेक ओढलेला असूनही मागची चाकं मोकळी. गिअरमध्ये ठेवली तरी तेच. तुमच्या गाडीचा हँडब्रेक कुठं आहे ते आधी बघा, आणि ठोकळे लावल्याशिवाय पाना लावू नका.

तापीकाठ, शहादा

या वेळी घरीच अंगणात काढला. ठोकळे लावून. एक दात फिरवून कान एका पातळीत आणले, पंचानं ठिपके मारले, लॉक सगळे खाचेत आहेत. शहादा ते प्रकाशा जाऊन आलो. चाळीस, साठ, ऐंशी, कुठंही थरथर नाही. टकही नाही. दोन्ही शाफ्ट जुनेच.

बठ्ठं समजी गयं भो. नाना, ताई, तुमचे उपकार आहेत.

लेवाभाऊ, यावल

मस्त! हाऊ धागा जपी ठेवाना शे.

अनेरकाठ

धागा उशिरा वाचला. एक विचारतो, रस्त्यात क्रॉस तुटलाच तर? आमच्याकडून सातपुड्यात शिरलं की पुढे तासन् तास गॅरेज नाही.

अक्राणीकर, धडगाव

हे आमच्याकडे घडलेलं आहे. मोलगीकडून येताना आमच्या पाहुण्यांच्या जीपच्या मागच्या शाफ्टचा पुढचा क्रॉस तुटला. शाफ्टचं टोक खाली लोंबून रस्त्यावर आपटायला लागलं. त्यांनी जागीच गाडी उभी केली, आणि तेच सगळ्यात शहाणपणाचं. तसंच रेटलं तर ते टोक खड्ड्यात रुतून गाडी उचलली जाते, नाहीतर ब्रेकचा पाइप किंवा टाकी फोडतं.

मागचा शाफ्ट दोन्हीकडून सोडून गाडीत टाकला. फोर-हाय लावलं. आता सगळा जोर पुढच्या शाफ्टवरून पुढच्या चाकांना. सावकाश, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, धडगावला आले. फोर व्हील गाडीचा हा मोठा फायदा आहे, एक शाफ्ट गेला तरी दुसऱ्यावर घरी येता येतं. अट एवढीच की ट्रान्स्फर केसला फ्लँज हवा. काही गाड्यांत शाफ्टचं टोक थेट ट्रान्स्फर केसच्या आत सरकलेलं असतं, ते काढलं की ऑइल सांडतं. तिथं हा उपाय नाही.

पुढच्या शाफ्टवर अशी घरी यायची वेळ येऊ शकते, म्हणून 'पुढचा काय, क्वचित लागतो' म्हणून त्याचं ग्रीस टाळू नका. शिवाय पुढे फ्री व्हील हब (चाकं शाफ्टपासून सोडवणारे) नसतील तर टू-व्हीलमध्येही तो फिरतच असतो.

पुणेरी_खान्देशी

मूळ प्रश्न 'किती दिवसांनी' हा होता. नाना, तुम्ही किती सांगाल?

नाना_फिटर, चोपडा

जिप्सीवेडा भाऊंचा ५,००० चा नेम निपलवाल्या गाड्यांना ठीक आहे. पण शेतातल्या गाडीला किलोमीटर मोजून भागत नाही, ती चालते कमी आणि राबते जास्त. पावसाळ्यात महिन्यातून एकदा. पाणी अर्ध्या चाकाच्या वर लागलं असेल तर त्याच दिवशी, कारण नवं ग्रीस आतलं पाणी बाहेर ढकलतं, ते रात्रभर आत राहू द्यायचं नाही. प्रेशरनं गाडी धुतली तर धुतल्यावर ग्रीस, धुण्याआधी नाही, आणि फवारा कपांवर रोखून मारायचा नाही.

नदीत उतरण्याआधी हौसिंग तापलेलं असेल तर गाडी थोडी थांबवून गार होऊ द्या. तापलेलं हौसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. हौसिंगच्या श्वासनळीचं (हवा ये-जा करायच्या नळीचं) भोक मातीनं बुजलेलं असेल तर हमखास. ऑइल दुधाळ दिसलं की बदलायचंच.

अनेरकाठ

बरोबर एक क्रॉस ठेवायचा म्हणतो. जुना काढलेला, बरा दिसणारा ठेवला तर चालेल का?

नाना_फिटर, चोपडा

नको. वापरलेल्या क्रॉसच्या दांड्यांवर सुयांच्या रेघा उमटलेल्या असतात, नख फिरवा, लागतील. नवाच ठेवा. घ्यायच्या आधी जुन्याचं माप काढा, कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या कपांचं बाहेरून बाहेर अंतर, दोन्ही. एकाच नावाच्या गाडीला वेगवेगळ्या सालांत वेगळे क्रॉस आलेत. दुकानात माप जुळवूनच घ्या. सोबत लॉकचे दोन जादा जोड आणि लॉक काढायचा पक्कड ठेवा. रस्त्यात लॉक उडून गवतात पडला की सापडत नाही.